बॅटरीवाल्या खैरुन आपा

खैरुन आपा गिऱ्हाइकाला बॅटरी लगेच विकत नसत. आधी त्याच्या गाडीत बसून येत.

कळमनुरीत बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. कुणी येऊन म्हणालं, "आपा, जीपला एक चांगली बॅटरी द्या," की त्या पहिला प्रश्न विचारत, "गाडी जाते कुठं?" समोरचा गाडीचं नाव सांगू लागला की हात वर करून त्याला थांबवत. "नाव पाठीमागं लिवलेलं हाय, मला वाचता येतं. रस्ता सांग." डांबरी रस्त्यावरून नांदेडला जाऊन येणाऱ्याचं काम दोन मिनिटांत होई. पण शेतातून, ओढ्यातून, डोंगरातून गाडी नेणारा कुणी असला, तर आपा नवऱ्याला दुकानावर बसवत, डोक्यावरचा दुपट्टा घट्ट करत आणि सरळ त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसत. "चल, दाव तुझा रस्ता."

काही लोक हसत. काही चिडून पलीकडच्या दुकानात जात. आपा त्यांना हाक मारत नसत. "जाऊ द्या. ज्याला घाई हाय त्याला घाईची बॅटरी मिळते," एवढंच म्हणत आणि समोरच्या बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा चुरा गरम पाण्यानं धुवायला घेत.

मी पशुवैद्यक आहे. तेव्हा माझी नेमणूक औंढा नागनाथ तालुक्यात, डोंगराच्या अंगाच्या एका दवाखान्यात होती. नागनाथाच्या दर्शनाला येणारे लोक देवळापर्यंत येतात आणि परत जातात. माझी गावं त्याच्या पलीकडे, डांबर संपून मुरूम, मुरूम संपून नुसते दगड सुरू होतात तिथे होती. दवाखान्याला चारही चाकं ओढणारी एक जुनी सरकारी जीप होती आणि ती चालवायला पाईकराव काका होते. काका रोज सकाळी "जय भीम, मॅडम" म्हणत आणि लगेच पुढच्या वाक्यात गाडीची तब्येत सांगत. त्या वर्षी तब्येतीची बातमी बहुतेक वेळा एकच असायची, "मॅडम, सेल्फ घेईना." म्हणजे किल्ली फिरवूनही इंजिन सुरू होत नसे. एका वर्षात तिसरी बॅटरी चालू होती. प्रत्येक वेळी हिंगोलीच्या कार्यालयातून आधीपेक्षा मोठी बॅटरी यायची आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा लवकर बसायची.

त्यातच गुरांमध्ये लम्पीची साथ आली. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले, जनावर उभं राहीना. लस हाच उपाय होता आणि लस थंड राहिली तरच लस. कोमट झाली की ते नुसतं पाणी. जवळच्या गावांना बर्फाची पेटी पुरायची, पण डोंगरातली फेरी तीन दिवसांची. म्हणून जीपमध्ये गाडीच्याच बॅटरीवर चालणारा एक छोटा फ्रीज बसवला होता.

पहिल्या फेरीत आम्ही काळदऱ्याला गेलो. गाव ओढ्याच्या पलीकडे, उतारावर. लोकांनी पहाटेपासून गुरं आणून शाळेच्या पटांगणात बांधली होती. मी सुया टोचत होते, काका नोंदी करत होते, जीप इंजिन बंद करून एका बाभळीखाली उभी होती आणि आत फ्रीज चालू होता. दुपारी लशीची पुढची खेप काढायला मी फ्रीज उघडला, तर आतला दिवा विझलेला. बाटल्या हाताला कोमट लागल्या. काकांनी धावत जाऊन किल्ली फिरवली. 'खट्' एवढाच आवाज आला.

पटांगणात अजून निम्मी गुरं बांधलेली होती. मला ती सगळी लस फेकून द्यावी लागली. गावातले सटवाजी बाबा म्हणून वयस्कर शेतकरी होते, त्यांच्या गाईचा नंबर पुढचाच होता. ते काही ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, आमची ढोरं डोंगर उतरून आली. तुमची गाडी जागची हलंना." जीप धक्क्यानं चालू करायची तर बाहेरची वाट आधी चढाची होती. शेवटी सटवाजी बाबांनीच आपले बैल जुंपले आणि जीप चढावर ओढून नेली, तिथून उतारावर सोडली तेव्हा ती सुरू झाली. ज्यांना आम्ही टोचायला आलो होतो, त्या बैलांनी आम्हाला गावाबाहेर काढलं. लोक हसत होते. मी मान वर केली नाही.

नवी लस मिळून पुन्हा काळदऱ्याला जायच्या आधीच सटवाजी बाबांची ती गाय गेली.

ही बातमी काकांनी मला सांगितली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. काका शेजारी टेकले. मग म्हणाले, "मॅडम, कळमनुरीला एक बाई हाय. माझ्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी तिनं दिली, ती अजून चालून राहिली. जाऊन तर बघू."

दुकानात शिरले तेव्हा आपा जमिनीवर बसून एक बॅटरी मांडीशी धरून तपासत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी बाई, चष्मा दोरीनं मानेत अडकवलेला. ॲसिडनं सलवारीच्या काठाला बारीक बारीक भोकं पडली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, वर म्हटलं, "आपा, तुमच्याकडे जी सगळ्यात मोठी असेल ती द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मोठी काहून?"

"म्हणजे पुरेल."

"कशाला पुरंल? मला अजून ठाऊकच न्हाई तुमच्या गाडीला काय होतंय. डॉक्टरीण बाई, तुमी जनावर न बघता सुई मारता का?"

आपा उठल्या. आत डोकावून म्हणाल्या, "अजी सुनते हो, दुकान देखो." आतून त्यांचे यजमान सलीम सर बाहेर आले. ते उर्दू शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि फार कमी बोलत. त्यांनी आम्हा दोघांच्या हातात आधी चहा दिला, मग गल्ल्यामागे जाऊन बसले. बॅटरीतलं त्यांना काहीच कळत नसे आणि ते तसं अभिमानानं सांगत, "इल्म इनका, चाय मेरी."

हे 'इल्म', ही विद्या, आपांना वडिलांकडून मिळाली होती. वडील ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या खोलून आतल्या प्लेटा बदलायचे. चार बहिणींत आपा तिसऱ्या. थोरल्या दोघी शिवणकामाला बसल्या, धाकटी अभ्यासात हुशार निघाली. "मी कशातच न्हाई, म्हणून अब्बाजवळ बसत होते," आपा सांगत. अब्बांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं तेव्हा टर्मिनलचा रंग, पाण्याची पातळी, प्लेटांमधला गाळ त्या पाहून सांगायच्या आणि अब्बा निदान करायचे. हळूहळू आपांनीच निदानही सांगायला सुरुवात केली. अब्बा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर." त्या एका शब्दावर आपण हा धंदा धरला, असं त्या म्हणत.

त्या दिवशी निघण्याआधी आपांनी जीपचं बोनेट उघडलं. पिशवीतून खडू काढला आणि बॅटरीच्या बुडाभोवती पत्र्यावर एक चौकोन आखला. काका मला हळूच म्हणाले, "पूजा मांडली का काय बाईनं?" मग आपांनी इंजिन चालू करायला लावलं, मीटरच्या दोन तारा टर्मिनलला लावल्या, काट्याकडे बघून नुसतं "हं" केलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

काळदऱ्याच्या वाटेवर आपांनी एकदाही हँडल धरलं नाही. जीप उसळली की त्याही उसळत, डाव्या अंगाला कलली की डोळे मिटून काहीतरी मोजत. ओढ्यात उतरताना काकांना म्हणाल्या, "भाऊ, रोज असंच उतरता का माझ्यासाठी हळू उतरून राहिले?"

काका ओशाळले. "रोज जरा जोरात उतरतो."

"मंग जोरात उतरा. मी पाव्हणी न्हाई."

गावाच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांनी पुन्हा बोनेट उघडलं. मी वाकून पाहिलं. खडूच्या चौकोनातून बॅटरी चांगली दोन बोटं बाहेर सरकली होती. तिला धरून ठेवणारी पट्टी एका बाजूनं सुटीच होती. टर्मिनलभोवती ओलसर डाग होते. आपांनी बॅटरीच्या अंगावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला, इतकी ती तापली होती.

"बघ पोरी," त्या म्हणाल्या. तोवर मी 'डॉक्टरीण बाई'ची 'पोरी' झाले होते. "तुमच्या बॅटऱ्या मेल्या न्हाईत, मारल्यात. या दगडांवर तिनं नाचून नाचून आतल्या प्लेटांचा चुरा केला. इंजिन तिला शेकून राहिलं. वरून त्याच इंजिनातून चार्जिंग जास्त जाऊन राहिलं, मघाशी मीटरवर दिसलं ना, कोंबून कोंबून खाऊ घातल्यासारखं. आन् गाडी उभी केली की तुमचा फ्रीज तिला चाटून पुसून रिकामी करतो. मंग ती सेल्फ कशानं फिरवील? मोठी बॅटरी बसवली तर मोठी मरंल, एवढाच फरक."

तीन बॅटऱ्या बदलताना हे कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. सटवाजी बाबांच्या गाईचं मी आपांना सांगितलं आणि मनगटानं डोळे पुसले. आपांनी मला जवळ घेतलं नाही की समजूतही काढली नाही. त्या म्हणाल्या, "रडायचं असंल तर पुढच्या बुधवारी रड. आज लई काम हाय."

त्या कामात खरेदी सगळ्यात शेवटी आली. आधी त्यांनी काकांना गाडीचं चार्जिंग दुरुस्त करून आणायला लावलं. "गळक्या माठात पाणी भरत न्हाई मी," म्हणाल्या. मग इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये एक पत्रा ठोकून घेतला, उष्णता अडवायला. धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या जागी लोखंडी चौकट करून घेतली, खाली रबर टाकलं आणि दोन्ही हातांनी बॅटरीची जागा हलवून पाहिली. चौकट जराही हलली नाही, तेव्हा कुठे म्हणाल्या, "आता हिच्यात कोण राहायला येतंय ते बघू."

दुकानात मी पुन्हा एका मोठ्या, चकचकीत बॅटरीकडे बोट दाखवलं. तिच्यावर भला मोठा आकडा छापला होता.

"हा आकडा काय सांगतो म्हाईत हाय? बर्फाळ थंडीत सेल्फ किती जोरात फिरवील ते. आपल्याकडं थंडी किती पडती? इथं तर एप्रिलात बोनेटवर भाकर भाजून निघंल. मला तो आकडा नको. इंजिन बंद असताना ही किती तास उभी राहती, तो आकडा दाव." आणि त्यांनी बॅटरी आडवी धरून मला अंगावर उठवलेली अक्षरं वाचायला लावली. कारखान्यातून ती कधी निघाली ते त्यात असतं, हे मला तेव्हा कळलं. "जन्मतारीख न बघता बॅटरी घेऊ नको. दुकानात बसून बसून बी ती म्हातारी होती."

त्यांच्या स्वतःच्या दुकानातल्या एकूण एक बॅटऱ्या त्यांनी त्या दिवशी नापास केल्या. एकीची जन्मतारीख जुनी, एकीत ॲसिड सुटं, कललं की झाकणातून पाझरणारं, एकीचे टर्मिनल उलट्या बाजूला, म्हणजे तार ताणून बसवावी लागणार आणि डोंगरात ती पहिली तुटणार. "माझ्याकडं न्हाई तुझी बॅटरी," त्या सरळ म्हणाल्या. काकांबरोबर नांदेडला जाऊन त्यांनी सीलबंद जातीची बॅटरी निवडून आणली. तिच्यात ॲसिड सुटं खळखळत नाही, काचेच्या बारीक कापडात जिरवलेलं असतं आणि प्लेटा दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे हादरे सोसते. आणि आणली एक नाही, दोन.

"एक सेल्फची, एक फ्रीजची," आपा म्हणाल्या. "दोघींच्या मधी हे यंत्र. इंजिन चालू असलं की दोघी मिळून जेवतील. इंजिन बंद झालं की दोघींची चूल येगळी. फ्रीजनं आपली सगळी खाल्ली तरी सेल्फच्या ताटाला हात लागणार न्हाई."

हिंगोलीच्या कार्यालयात मात्र हे पटवणं जड गेलं. तिथले आमचे मोठे साहेब कागदावरचे माणूस होते. वाईट नव्हते, पण नव्या गोष्टीला घाबरत. मी आपांनाच सोबत घेऊन गेले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, मला म्हणाले, "मॅडम, एका गाडीला दोन बॅटऱ्या कुठं असतात का? आपल्याकडं मोठ्यात मोठी आलेली आहे, ती न्या. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

मी काही बोलायच्या आत आपा म्हणाल्या, "साहेब, मागच्या तीन वेळी कोण जबाबदार होतं?"

साहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कागद पुढे सरकवून मला म्हणाले, "लिहून द्या. जबाबदारी तुमची." मी लिहिलं. सही करण्याआधी लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं, कारण काळदऱ्याला दुसऱ्यांदा तोंडघशी पडले असते तर मला त्या गावात पाय ठेवता आला नसता. मी पेन ठेवलं, तसं आपांनी ते उचललं आणि माझ्या सहीखाली, कुणी विचारलेलं नसताना, आधी उर्दूत आणि मग मराठीत ठळक लिहिलं: 'खैरुन्निसा बेगम, बॅटरीवाली, कळमनुरी.' म्हणाल्या, "एकटीची काहून? निवड माझी हाय."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आपा, हे तुमच्यावर येईल."

"येऊ दे की. माझ्या अब्बांनी मला काम शिकवलं, पळायचं न्हाई शिकवलं."

दोन्ही बॅटऱ्या बसवून झाल्या आणि दुसऱ्या फेरीला आपा आमच्या सोबत निघाल्या. "माझी सही हाय त्याच्यावर," एवढंच कारण त्यांनी दिलं. मागच्या बाजूला, फ्रीजला टेकून, मांडीवर डबा घेऊन त्या बसल्या. काळदऱ्याला पोचलो तेव्हा पटांगणात मागच्या वेळेपेक्षा कमी गुरं होती. लोकांचा भरवसा उडाला होता. सटवाजी बाबा आले होते, पण रिकाम्या हातानं. कडेला उभे राहून नुसतं बघत होते. गाडी बाभळीखाली थांबली, इंजिन बंद झालं आणि काम सुरू झालं. मी दर थोड्या वेळानं फ्रीजकडे वळून बघायची. आपा तिथूनच हात हलवायच्या, "तू तुझं काम कर, मी बसलेय ना!"

दुपारचं जेवणही आम्ही उभ्यानं उरकलं. फ्रीज उघडावा तेव्हा आतून गार वाफ येत होती. बाटली हातात घेतली की बोटं गारठत होती. हे बघायला आधी बायका आल्या, मग माणसं आली. कुणीतरी गावात जाऊन सांगितलं असावं, कारण दुपारनंतर गुरांची रीघ लागली. वाटेवर दावणीच्या दावणी दिसू लागल्या. सटवाजी बाबा कधी उठून गेले ते कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या मागं त्यांची बैलजोडी आणि एक कालवड होती. त्यांनी कालवडीचं शिंग धरलं आणि मी सुई टोचली.

शेवटची म्हैस बाकी असताना वरच्या डोंगरावर आभाळ काळं झालं. आमच्यावर एक थेंब नव्हता, पण वर पाऊस कोसळत होता. काका ओढा बघून धावत आले. "मॅडम, पाणी चढून राहिलंय. आत्ता निघालो तर निघालो. न्हाईतर उद्याची दोन गावं गेली." फ्रीजमध्ये त्या दोन गावांची लस होती. मी शेवटची सुई टोचली, पेटी बंद केली आणि आम्ही गाडीकडे पळालो. सकाळपासून फ्रीज चालू होता आणि इंजिन बंद होतं. मागच्या वेळी याहून कमी वेळात सगळं संपलं होतं. गाव गाडीभोवती जमलं. काकांनी किल्लीवर हात ठेवला आणि मागे वळून आपांकडे पाहिलं. मागून आपांचा आवाज आला, "माझ्याकडं बघू नका, किल्ली फिरवा!"

पहिल्या फिरवण्यात इंजिन गरजलं. पटांगणातून असा काही ओरडा उठला की म्हशी बुजल्या.

पण ओढा अजून पार व्हायचा होता. पाणी गुडघ्याखाली होतं, तळ दिसत होता, पण चढत होतं. काकांनी जीप हळू आत घातली. मध्यावर पुढचं चाक एका दगडावरून घसरलं, गाडी जोरात डावीकडे कलली, काकांचा पाय क्लचवरून सुटला आणि इंजिन बंद पडलं. एकदम पाण्याचाच आवाज तेवढा राहिला. मागे फ्रीजला घट्ट धरून बसलेल्या आपा जवळजवळ आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं, झालं सगळं. काका पुटपुटले, "आता घ्यायची न्हाई ही."

"घेती," आपा म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, दुकानातला. "चौकटीत बसलीय ती, हललेली न्हाई. गियर काढा. मारा सेल्फ."

काकांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. तोच दमदार फेरा, जराही कमी नाही. तिसऱ्या वेळी इंजिन पेटलं, चारी चाकांनी दगड धरले आणि जीप पाणी उडवत पलीकडच्या काठावर चढली. मागं वळून पाहिलं तर काळदऱ्याचं सगळं गाव ओढ्याच्या काठावर उभं होतं आणि टोप्या हवेत उडवत होतं. काकांनी गाडी थांबवली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून हसू लागले. मी हसत होते की रडत होते मलाच कळेना. आपांनी विचारलं, "आज बुधवार हाय का गं?" होता शुक्रवार.

त्या फेरीतली सगळी गावं झाली. पुढची फेरी झाली, तिच्या पुढचीही झाली. माझ्या दवाखान्याच्या गावांत साथ हळूहळू मागे हटली. शेवटी एक आठवडा असा आला की नव्या गाठीचं एकही जनावर कुणी आणलं नाही. त्या संध्याकाळी काका दवाखान्याच्या वहीचं कोरं पान मला उघडून दाखवत राहिले.

पुढे हिंगोलीचे साहेब स्वतः कळमनुरीला दुकानात गेले. जिल्ह्यातल्या कार्यालयाच्या सगळ्या गाड्या तपासून द्याल का, असं त्यांनी आपांना विचारलं. आपांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "देते की. आधी डायवर लोकांना माझ्यापुढं बसवा." मग हिंगोलीत एका सभागृहात सगळे ड्रायव्हर जमले आणि खैरुन आपांनी त्यांना दिवसभर शिकवलं: पट्टी कशी आवळायची, जन्मतारीख कुठं वाचायची, चार्जिंग कसं मोजायचं. साहेब मागच्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. सलीम सर दारात उभे होते, मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "मैंने सारी उम्र क्लास ली, ऐसा सन्नाटा मेरी क्लास में कभी नहीं हुआ."

पुढच्या वर्षी माझी बदलीची ऑर्डर आली. निघायच्या आठवड्यात पोळा होता. साथीच्या वर्षी पोळा झालाच नव्हता, त्यामुळे या वेळी गावोगाव मोठी तयारी होती. काळदऱ्याहून निरोप आला: डॉक्टरीण बाईंनी यायचंच, पाईकरावांनी यायचंच आणि कळमनुरीच्या आपांना घेऊनच यायचं.

आम्ही पोचलो तेव्हा गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं आणि त्याच्या अलीकडे जोड्याच जोड्या उभ्या होत्या. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. गेल्या वर्षी वेशीबाहेरच्या ज्या पटांगणात मी मान खाली घालून उभी होते, तिथे बैलांना उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांत पुढे गावाची मानाची जोडी होती. तिचा कासरा दरवर्षी गावातलं एक जाणतं माणूस धरतं. सटवाजी बाबा पुढे आले आणि त्यांनी तो कासरा सगळ्यांसमोर आपांच्या हातात दिला.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी इतक्या दिवसांत कळली नव्हती. आपांना बैलांची भीती वाटायची. ॲसिडला, साहेबाला, ओढ्याच्या पाण्याला न भिणाऱ्या त्या बाईचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, मला न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या, "लई मोठी हायेत ही!"

"आमची हायेत," सटवाजी बाबा म्हणाले, "काही करत न्हाईत. चला म्हणा नुसतं."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दुपट्टा घट्ट केला, कासरा दोन वेढे देऊन मुठीत धरला आणि पलीकडच्या बैलाकडे चोरट्या नजरेनं बघत बारीक आवाजात म्हणाल्या, "चला."

बैल हलले नाहीत. गाव हसलं. आपा चिडल्या. दुकानात गिऱ्हाइकावर टाकायच्या त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "चल म्हणून राहिले ना!"

मानाची जोडी एकदम चालू लागली. हलगी कडाडली, गुलाल उडाला आणि तोरणाखालून सगळ्यांत पुढे, मान ताठ करून, दोन पांढऱ्याशुभ्र बैलांना ओढत खैरुन आपा काळदऱ्यात शिरल्या. त्यांच्या मागे अख्ख्या गावाची जिवंत गुरं चालत होती.